चार वाजेपर्यंत

वॉर्डात तीन आठवडे कुणी मेलं नाही म्हणून जीव टांगणीला लागलेलं माणूस तुम्ही पाहिलंय? मावशीचा लागला होता. आणि मावशी काही काळ्या काळजाची बाई नव्हती. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर ती वळसा घालून जायची.

मावशी हे काही तिचं नाव नव्हे. चौदा वर्षं ती त्याच इस्पितळात आया होती, आणि इस्पितळात आया झाली की बाईचं नाव फाटकाबाहेरच राहतं. मोठ्या डॉक्टरांपासून काल आलेल्या रुग्णापर्यंत सगळ्यांची ती मावशीच. चौदा वर्षं तिने खाटेवरच्यांना शौचाची भांडी दिली, भांडी उचलली, चादरी बदलल्या, ओकाऱ्या पुसल्या, आणि अडतिसाव्या वर्षी तिच्या मनाने घेतलं की आपण नर्स व्हायचं. नोंदणी झालेली, परवाना असलेली, छातीवर बिल्ला लावणारी नर्स. शिंगं मोडून वासरांत शिरली, असं लोक म्हणाले. लोकांचं काय, बसलं तरी म्हणतात आणि उठलं तरी म्हणतात. तिने प्रवेशपरीक्षा दिली आणि वीस-वीस वर्षांच्या मुलींच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. त्या मुलीही तिला मावशीच म्हणू लागल्या.

पण ह्या शिक्षणाची खरी किंमत मावशीने मोजलीच नव्हती. ती मोजली तिच्या लेकीने. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नवरा लांबच्या पल्ल्याची मालगाडी चालवायचा, महिन्यातले चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून कसं जाणार? लेक नुकतीच शाळेतून बाहेर पडली होती, मार्क चांगले होते, पुढे शिकायचं होतं. एके सकाळी कणीक मळता मळता तिनेच तोंड उघडलं. "आई, आधी तू शिक. दोन वर्षं मी आजीचं बघते. मग माझा नंबर." मावशीने नाही म्हणायला हवं होतं. तिला ते तेव्हाही कळत होतं. तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प बसली, आणि गप्प बसलेल्याचा होकारच धरतात. दोन वर्षं मावशी परक्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालायला शिकत होती आणि घरात लेक सख्ख्या आजीला अंघोळ घालत होती. मैत्रिणी पुढे निघून गेल्या. भेटायला यायच्या त्याही हळूहळू यायच्या बंद झाल्या. लेकीने कधी तोंड वाकडं केलं नाही, पण अलीकडे ती हसायची तेव्हा आधी दाराकडे बघायची, कुणी हाक मारतंय का म्हणून.

आता दोन वर्षं संपत आली होती. परीक्षा झाली होती, निकाल चांगला होता, आणि घोडं अडलं ते केसबुकावर.

केसबुक म्हणजे निळ्या पुठ्ठ्याची एक वही. विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने काय काय केलं ते त्यात भरायचं आणि वॉर्डच्या मुख्य सिस्टरने तिथल्या तिथे, त्याच पाळीत सही करायची. चाळीस इंजेक्शनं, पंधरा सलाइनी, नाकातून घातलेल्या नळ्या सहा, जखमा धुऊन बांधल्या त्या पंचवीस, पाहिलेली बाळंतपणं दहा. आणि अगदी शेवटच्या पानावर, मृत्यूनंतरची काळजी: दोन. मावशीची सगळी पानं भरली होती. शेवटच्या पानावर एक सही होती आणि एक ओळ कोरी. शुक्रवारी चार वाजता वह्या कार्यालयात जमा व्हायच्या होत्या. ओळ कोरी राहिली तर सहा महिन्यांनी पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा यायचं. तोवर परवाना नाही, परवाना नाही म्हणजे नोकरी नाही, नोकरी नाही म्हणजे सासूबाईंसाठी बाई ठेवायला पैसे नाहीत, आणि लेकीच्या प्रवेशाचे अर्ज तर पुढच्याच महिन्यात निघत होते.

ह्यात गंमत कुठे होती बघा. मेलेल्या माणसाचं शेवटचं करण्यात अख्ख्या इस्पितळात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळे आधी मिटायचे, नाहीतर नंतर मिटत नाहीत. जबडा रुमालाने बांधायचा. पाणी कोमटच घ्यायचं, त्याला कळत नसलं तरी. कूस वळवताना छातीतली उरलेली हवा बाहेर पडते आणि माणूस सुस्कारा टाकतो, तेव्हा नव्या पोरींनी घाबरायचं नाही. हे तिने कित्येक नर्सांना शिकवलं होतं. चौदा वर्षांत दोनशे तरी देह तिच्या हाताखालून गेले असतील. त्यातला एकही मोजायचा नव्हता, कारण तेव्हा ती आया होती.

वॉर्डच्या मुख्य सिस्टरला सगळे पाठीमागे फूटपट्टी म्हणायचे. उंच, सरळ, आणि चादरीची घडी किती बोटं दुमडलीय ते खरंच मोजणारी बाई. सोमवारी मावशी तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सिस्टर, तुम्हीच मला बघितलंय हे करताना. इतकी वर्षं."

"बघितलंय. माझ्यापेक्षा चांगलं करतेस."

"मग एक सही…"

"आयाच्या कामावर नर्सची सही?" फूटपट्टीने चष्मा काढला. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट कीवच होती. "मावशी, मला सांग, उद्या कुणी विचारलं की कधी, कोण, कितव्या खाटेवर, तर मी काय सांगू? चार दिवस आहेत अजून. वॉर्ड आहे हा. काही सांगता येत नाही."

काही सांगता येत नाही! इस्पितळात हे वाक्य नातेवाइकांना सांगतात आणि ते ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मावशीने ते आशेने ऐकलं. परत जाताना तिच्या ते ध्यानात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

वर्गातल्या मुलींचा वह्यांच्या दिवसांत बाजारच भरायचा. "मला एक नळी दे, मी तुला दोन सलाइनी देते." अंगाने बारकी आणि तोंडाने अखंड चालू असलेल्या एकीला सगळ्या चिमणी म्हणत. तिच्याकडे मृत्यू तीन होते, एक जास्तीचा. "मावशी, घे ना माझा," ती म्हणाली. "तू बादली धरायला होतीसच की त्या दिवशी. नाव टाक तुझं. फूटपट्टी काय मेलेल्याला विचारायला जाणारे?"

"नको गं."

"अगं, कोणाला कळणार नाही."

"मला कळेल," मावशी म्हणाली. वहीत खोटं लिहायचं नाही, हा तिचा हेका होता. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या नोंदी पाहिल्या होत्या. न मोजलेला ताप लिहिलेला, न दिलेलं पाणी दिलं म्हणून लिहिलेलं. आपल्या वहीत तसलं एक अक्षर नको. चिमणीने खांदे उडवले. वही स्वच्छ राहिली. हे ध्यानात असू द्या, कारण पुढे मावशीलाही ते फार आठवत राहिलं.

मंगळवार गेला. बुधवार गेला. वीस खाटांचा बायकांचा वॉर्ड, त्यात एरवी आठवड्याला एखादी तरी जायची. पण यमाने जणू रजा टाकली होती. पाच नंबरच्या बाईची तर डॉक्टरांनी आशाच सोडलेली, ती उठून केस विंचरायला लागली. मावशी सकाळी वॉर्डात शिरली की तिची नजर आपोआप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायची. आपण काय शोधतोय हे तिला ठाऊक होतं. ती नजर खाली घालायची, ती पुन्हा वर यायची.

अकरा नंबरच्या खाटेवर शिवणवाल्या आजी होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या, हृदय थकलेलं, पायांवर सूज. पंधरा दिवसांपूर्वी आल्या तेव्हा दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती, आता सूज उतरली होती, नाकातली ऑक्सिजनची नळीही दिवसाची काढायचे, आणि शनिवारी घरी सोडणार होते. आयुष्यभर त्यांनी गणवेश शिवले होते. ह्याच इस्पितळाच्या नर्सांचे, तीस वर्षं. मावशीला पहिल्यांदा बघितल्याबरोबर त्या म्हणाल्या होत्या, "हा कुणाचा गं अंगावर घातलायस? खांदा कोपरात आलाय."

मागल्या वर्षीच्या एका मुलीचा जुना गणवेश होता तो. मावशीने तसं सांगितलं.

"दिसतंयच. इकडे ये. अशी वळ." आजींनी खाटेवर बसल्या बसल्या तिच्या दोन्ही कुशी चिमटीत धरून बघितल्या. "ह्यात अजून एक नर्स मावेल. आणशील उद्या काढून, मी घेते आत."

फूटपट्टीने सुई ठेवायला परवानगी दिली हे एक आश्चर्यच. पण तिच्या अंगावरचा पहिला गणवेशही आजींनीच शिवला होता, असं नंतर कळलं. आजी रोज दुपारी जेवल्यावर बोटात अंगुस्तान चढवून थोडं थोडं काम करायच्या. मावशीचा तास नसला की ती जवळ बसायची. आजींना मूलबाळ नव्हतं, एक भाची होती, ती संध्याकाळी यायची.

गुरुवारी आजींनी उजवी कूस पुरी केली. पक्की टीप, हाताने घातलेली, पण मशीनची वाटावी अशी. डावीला नुसता धावदोरा घालून ठेवला.

"हे कच्चं आहे हं. उद्या पक्कं करते. नाहीतर चारचौघांत उसवेल आणि माझं नाव जाईल." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तोंड का उतरलंय पण तुझं? चार दिवस बघतेय. निकाल चांगला लागला म्हणालीस ना?"

मावशीने आधी आजींची उशी सारखी केली. मग सगळंच बोलली. वही, कोरी ओळ, लेक, सासूबाई, चार वाजता. शेवटच्या पानावर काय हवंय तेही. बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. रुग्णापुढे असलं कुणी बोलतं का?

आजी हसायला लागल्या. हसता हसता त्यांना धाप लागली, मावशीने पाठ चोळली. "मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात," आजी म्हणाल्या, "तुला तर दुसरं कुणी मेल्याशिवाय दिसत नाही! म्हणजे माझ्यावर डोळा आहे म्हण की."

"आजी, काय बोलता हो!"

"अगं, थट्टा केली. पण मी नाही हं सापडायची. शनिवारी घरी जायचंय मला. भाचीच्या पोरीचा झगा कापून ठेवलाय, शिवायचा राहिलाय. दुसरं कोणी बघ." आणि त्यांनी मावशीचा हात दाबला. "होईल गं. काहीतरी होईल."

शुक्रवार उजाडला. सकाळी निघताना लेक दारापर्यंत आली. फक्त म्हणाली, "डबा विसरलीस," आणि डबा हातात दिला.

बारा वाजता मावशीने सगळ्या खाटांचे ताप आणि नाड्या घेतल्या. अकरा नंबरची नाडी बरी होती. आजी थोडं जेवल्या, आज थकल्यासारखं वाटतंय, जरा पडते आणि मग तुझी डावी कूस घेते, म्हणाल्या आणि झोपल्या. भेटीची वेळ संपली. सूर्य पलीकडच्या खिडक्यांवर गेला, वॉर्डात पडदे ओढले. फूटपट्टी टोकाच्या खोलीत औषधांची कपाटं तपासत होती, दुसरी नर्स जेवायला गेलेली. मावशी अकरा नंबरशेजारच्या स्टुलावर वही मांडीवर घेऊन बसली होती. आता काही होत नाही, असं तिने मनाशी म्हटलं. सहा महिने. लेकीला आज रात्री कसं सांगायचं ह्याची ती वाक्यं जुळवत होती.

आणि तिला तो श्वास ऐकू आला.

डॉक्टरांना यंत्र लावल्यावर कळतं ते जुन्या आयांना कानांनी कळतं. श्वास येतो, येतो, लहान होत जातो, मग थांबतो. मग मोठा येतो. मावशीने वर बघितलं. आजींच्या ओठांभोवती कातडी पिठासारखी झाली होती आणि कपाळावर घाम होता. पापण्या अर्ध्या उघड्या.

घंटीचं बटण खाटेच्या उशाशी भिंतीत होतं. नियम साधा होता. असं काही दिसलं की विचार करायचा नाही, बटण दाबायचं. मावशीचा हात वर गेला. बोट बटणावर टेकलंसुद्धा. आणि तिची नजर समोरच्या घड्याळावर गेली.

दोनला वीस मिनिटं कमी.

तिला वेळ बघायची नव्हती असं ती पुढे स्वतःला सांगायची. नर्सने वेळ बघायचीच असते, नोंद करायची असते, असंही सांगायची. पण ती स्वतःला फसवणाऱ्यांतली नव्हती, हेच तर तिचं दुर्दैव. तिने हिशोब केला. वीस-पंचवीस मिनिटं डॉक्टर झटतील, म्हणजे दोन वाजून पाच. मृत्यू जाहीर झाल्यावर तासभर देहाला हात लावायचा नाही, भाची येईल, भेटेल, म्हणजे तीन-सव्वातीन. अंघोळ, कपडे, पायाला बांधायची नावाची चिठ्ठी, सगळं अर्ध्या तासात. पावणेचार. फूटपट्टी सहीला असेल. मग तिने तोच हिशोब उलटा करून पाहिला, चारपासून मागे. जमत होतं.

आजींनी एक मोठा श्वास घेतला. मग घेतला नाही.

मावशीने बटण दाबलं. घड्याळाचा मोठा काटा आठावरून दोन रेघा पुढे गेला होता.

मग जे झालं ते नियमाप्रमाणे झालं. फूटपट्टी धावत आली, तरुण डॉक्टर आला, पडदे ओढले. मावशीने छाती दाबली, हात लटपटेपर्यंत दाबली, जिवाच्या आकांताने दाबली. ते खोटं नव्हतं. त्या वीस मिनिटांत आजी उठून बसल्या असत्या तर ती वही फाडून खिडकीबाहेर फेकायलाही ती तयार होती. पण आजी उठल्या नाहीत. दोन वाजून सहा मिनिटांनी डॉक्टर थांबला.

"कधी लक्षात आलं?" त्याने कपाळ पुसत विचारलं.

"आत्ताच. लगेच घंटी दाबली."

त्याने कागदावर लिहिलं, एक बेचाळीस. "हृदय थकलेलंच होतं," तो म्हणाला. "दोन-चार मिनिटं आधी कळलं असतं तर… कुणी सांगावं. पडला असता फरक, नसताही पडला." तो हात धुवायला निघून गेला. कुणाची चूक काढावी म्हणून तो बोलला नव्हता. नुसता बोलून गेला होता.

फूटपट्टी मावशीकडे बघत होती. "करशील?" तिने हळूच विचारलं. "की दुसऱ्या कुणाला सांगू? तुझा त्यांच्यावर जीव होता."

आता हे सांगायची वेळ होती. मावशीच्या तोंडाशी आलंही होतं. मी बोट ठेवून बसले होते, सिस्टर. मग तिला दारात डबा घेऊन उभी असलेली लेक दिसली.

"करते," ती म्हणाली.

भाची आली, रडली. "त्यांच्याजवळ कुणी होतं का हो?" तिने विचारलं. "एकट्या नव्हत्या ना?"

"मी होते," मावशी म्हणाली.

"मग बरं," भाची डोळे पुसत म्हणाली. "तुमचं फार नाव काढायच्या त्या." आणि तिने मावशीचे दोन्ही हात हातांत घेतले. मावशीला ते हात काढून घ्यावेसे वाटले.

सव्वातीनला तिने कोमट पाणी आणलं. आजींची बोटं धुताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तानाने पडलेला घट्टा लागला. कुशीवर वळवलं तेव्हा आजींनी सुस्कारा टाकला. मावशीला माहीत होतं ती हवाच असते. ती पोरींना हेच शिकवायची, घाबरू नका म्हणायची. ती मागे सरकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, किती वेळ कुणास ठाऊक. मग पुन्हा पुढे झाली, कारण वेळ जात होता.

उशीच्या अभ्र्यात सुई टोचलेली सापडली. पांढरा दोरा ओवून तयार होता. तिने सामानाच्या यादीत लिहिलं: चष्मा, अंगुस्तान, सुई एक. यादी बरोबर होती.

चारला दहा कमी असताना फूटपट्टीने निळी वही उघडली. सगळं पाहून आली होती ती. चादरीची घडी, चिठ्ठीची गाठ, मिटलेले डोळे. तिने सही केली. मग कधी नव्हे ती शेऱ्याच्या रकान्यातही काही लिहिलं आणि स्वतःच वाचून दाखवलं. "रुग्णाची प्रकृती बिघडताच क्षणाचाही विलंब न लावता कळवले. प्रसंगावधान उत्तम." वही मिटून पुढे केली. "उगाच नाही लिहीत मी असं. जा, नेऊन दे."

मावशीने वही घेतली. चिमणीच्या जास्तीच्या मृत्यूला नको म्हणून जी वही तिने स्वच्छ ठेवली होती, तिच्या शेवटच्या पानावर आता दुसऱ्याच्या प्रामाणिक अक्षरात खोटं लिहिलेलं होतं. ते खोडता येत नव्हतं. तिने वही कार्यालयात दिली आणि पोच घेतली.

घरी लेकीने तिचा चेहरा न बघताच विचारलं, "झालं?"

"झालं."

"खरंच? कोण गेलं?"

"एक आजी."

"बरं झालं बाई!" लेक टाळी वाजवून म्हणाली. आणि मग तिचा तोच हात तोंडावर गेला. आतून सासूबाईंनी हाक मारली, तेव्हा लेक जायला वळली. "थांब," मावशी म्हणाली, "आता मी जाते."

लेकीचा प्रवेश झाला. मावशीला परवाना आला, बिल्ला आला, नवा गणवेश आला, अगदी मापाचा. जुना तिने दिला नाही कुणाला. डाव्या कुशीचा धावदोराही तिने पक्का केला नाही, आणि उसवूही दिला नाही.

ह्याला आता पाच वर्षं झाली. मावशी त्याच वॉर्डची मुख्य सिस्टर आहे, फूटपट्टी निवृत्त झाली. पण वॉर्डात तिची ओळख वेगळीच आहे. घंटी वाजली की ती पळते. चालत नाही, पळते. हातातला चहा टाकून, बोलणं अर्धं तोडून, पंचेचाळिसाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. बहुतेक वेळा कुणाला उशी हवी असते, कुणाला भांडं. पोरी हसतात. रुग्ण म्हणतात, अशी सिस्टर बघितली नाही. दरवर्षी तिला उत्कृष्ट सेवेचं प्रमाणपत्र मिळतं आणि ती ते कपाटात उलटं ठेवते.

गेल्या महिन्यात वह्या जमा करायच्या दिवशी सकाळी एक विद्यार्थिनी तिच्या टेबलापाशी आली. हुशार मुलगी, कामाला वाघ, सगळी पानं भरलेली. शेवटच्या पानावर एक ओळ कोरी.

"सिस्टर, सहा नंबरच्या आजी आज बऱ्या दिसत नाहीत," मुलगी म्हणाली. "मी बसू त्यांच्याजवळ? मी हलणार नाही, शेवटपर्यंत बसेन." आणि बोलता बोलता तिची नजर घड्याळाकडे गेली.

मावशीने ते पाहिलं. "तू कपड्यांच्या खोलीत जा," ती म्हणाली. "चादरी मोज. चार वाजेपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायचं नाही."

"पण सिस्टर, माझी ओळ…"

"चार वाजेपर्यंत."

सहा नंबरजवळ ती स्वतः बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून, घड्याळाकडे पाठ करून. तीन वेळा श्वास अडखळला, तीन वेळा तिने घंटी दाबली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांना यश आलं नाही. अडीच वाजले होते. पुढचं सगळं मावशीने आणि आयाने मिळून केलं.

चार वाजता मुलगी आली. तिला बाहेरच कळलं होतं. डोळे सुजले होते, पण आता रडत नव्हती.

"दोनशे बारा चादरी," तिने कागद टेबलावर ठेवला. "माझे सहा महिने गेले, सिस्टर. घरी काय सांगू मी? तुम्ही स्वतः आया होता म्हणतात. तुम्हाला तरी कळायला हवं होतं." मग तिचा आवाज चढला. "तुमचं काय गेलं असतं हो? तुमचं काय गेलं असतं?"

मावशीने तोंड उघडलं. ती सांगणार होती. पाच वर्षांत पहिल्यांदा, ह्या पोरीला, ती खरंच सांगणार होती.

तेवढ्यात दोन नंबरची घंटी वाजली आणि मावशी पळाली. तिथल्या बाईला पाणी हवं होतं.